चाळीस मिनिटं

एकवीस मजले.
तळाला पिठाची गिरणी, झेरॉक्स, दूध,
दुसऱ्यावर दवाखाना, तिसऱ्यावर पाळणाघर,
चौथा-पाचवा ऑफिसांना,
वर माणसं.
रोजच्या कामाला कुणी गाडी काढू नये
असं मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं.
गांगरशेठ पान उलटत म्हणाले,
मग पार्किंगचे चार मजले कशाला दाखवलेत?
दाखवावे लागतात.

पश्चिमेला काच नको, यात तीन बैठका गेल्या.
मी भिंत जाड केली, खिडक्या आत ओढल्या,
उन्हात बघताना कपाळावर हात धरावा
तसे छज्जे बाहेर काढले.
दुपारचे खारे वारे जिन्याच्या पोटातून वर चढतील,
रात्री मतलई त्याच वाटेनं परततील,
एसीचं ठिबकणारं पाणी कुंड्यांना,
गच्चीभर पॅनल.
‘ही इमारत आपलं ऊन आपणच कमावून खाईल.’
वाक्य मला आवडलं होतं.
सादरीकरणात मी ते दोनदा म्हटलं.

सावली शेवटी बघतात,
भाजीतलं मीठ बघावं तशी.

संगणकावर सूर्य बोटानं ओढता येतो.
एप्रिल घेतला.
अडीचला सावली आमच्याच कुंपणात.
तीनला रस्त्यावर.
साडेतीनला ती म्हातारपाखाडीच्या कौलांवर चढली
आणि एका राखाडी ठोकळ्यावर,
ज्याला आम्ही ‘शेजार ७’ म्हणत होतो,
जाऊन बसली.
मी सूर्य मागे ओढला, पुन्हा सोडला.
पुन्हा तिथेच.

माझगावात चालत गेले.
शेजार ७ ला निळा लाकडी जिना होता,
दारात क्रूस, क्रुसाला शेवंतीची वाळकी माळ,
मागे सपाट गच्ची,
आणि गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही इतक्या मिरच्या.
काश्मिरी, ब्याडगी, रेशमपट्टी.
अर्सुला क्रियाडो डोक्याला पंचा बांधून
उकिडवी त्या उलटत होती.
बाटलीत ठासून भरायचा मसाला.
सत्तावीस जिन्नस, ती म्हणाली,
ऊन धरून अठ्ठावीस.

माझ्या हातातलं यंत्र बघून हसली.
“ऊन मोजायला आलीस का गो? किती निघालं?”

मी सांगितलं. इमारत उभी राहिली की
साडेतीनपर्यंत.

तिनं एक मिरची उचलून
माझ्या कानाशी हलवली. आत काहीच नाही.
दुसरी, कालची, हलवली.
बिया खुळखुळल्या.
“ही अशी वाजायला पावणेपाच होतात.”
बाकी काही बोलली नाही.
मला शिंका आवरेनात.

त्या रात्री मी इमारत अकरा अंशांनी फिरवली.
पाण्याची टाकी खाली आणली,
लिफ्टची खोली पलीकडे ढकलली,
वरच्या तीन मजल्यांचा पूर्वेचा कोपरा छाटला,
तिरका,
पावाची कड कापावी तसा.
पॅनलची साडेतीन टक्के वीज गेली.
दोन बेडरूम गेल्या.

कुणासाठी? गांगरशेठनी विचारलं.
शेजार ७ साठी.
ते आपलं गिऱ्हाईक आहे?
मी म्हटलं, आपली गिरणी त्यांच्याच धन्यावर चालणार आहे,
हळदीवर, मिरचीवर.
हे खोटं होतं. अर्सुला खलबत्त्यात कुटून घेते,
बायका बोलावून.
पण गिरणी हा शब्द त्यांना पटला;
एक बेडरूम परत घेऊन त्यांनी सही केली.

निघाली चाळीस मिनिटं.
चार वाजून दहा.
उरलेली पस्तीस अजून माझ्याकडे आहेत,
उसन्या वाटीसारखी.

मेच्या मध्यावर एक दुपार येते
जेव्हा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो
आणि उभ्या वस्तूला सावलीच पडत नाही.
त्या दिवशी मी पायाच्या खड्ड्याशी होते.
सळ्या उभ्या होत्या, शेकड्यांनी,
एकीचाही डाग जमिनीवर नाही.
मुकादम पाणी प्यायला गेला होता.
दोन-तीन मिनिटं, फार तर.
मग प्रत्येक सळीच्या बुडाशी
एक काळी टिकली दिसू लागली.

माझ्या टेबलावर आता बिअरची तपकिरी बाटली आहे,
बूच मेणानं बंद, वर वर्ष लिहिलेलं.
हा पुऱ्या उन्हाचा.
पुढच्याबद्दल तिनं विचारलं नाही.